उपयोजित वर्तन विश्लेषण

माणसाचे वर्तन आणि त्याच्या आगेमागे घडणाऱ्या गोष्टी यांचा संबंध निरीक्षणाने शोधून, त्या आधारे उपयोगी वर्तन शिकवणारी मानसशास्त्राची शाखा. पालक आणि थेरपिस्ट तिला ‘एबीए’ (अप्लाइड बिहेव्हियर ॲनालिसिस) म्हणतात. स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांच्या थेरपीमुळे ती सर्वाधिक परिचित झाली. शाळा आणि कामगारांची सुरक्षितता या क्षेत्रांतही तिचा वापर होतो.

वर्तनानंतर काय घडते, त्यावर ते वर्तन पुन्हा होण्याची शक्यता ठरते, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी उंदीर व कबुतरांवरील प्रयोगांतून दाखवले. माणसांसाठी त्याचा उपयोग कसा होतो, हे मॉन्ट्रोज वुल्फ, टॉड रिस्ली आणि हेडन मीस यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रकरणातून नीट कळते. मोतीबिंदूमुळे डोळ्यांतली भिंगे काढावी लागलेला साडेतीन वर्षांचा एक स्वमग्न मुलगा चष्मा लावू देत नव्हता आणि चष्म्याविना त्याची दृष्टी जाण्याचा धोका होता. त्याला आधी काचा नसलेली चौकट दिली. ती नुसती उचलली तरी खाऊ, मग हातात धरली की खाऊ, मग डोळ्यांजवळ नेली की, अशी अट हळूहळू वाढवत नेली. अखेर तो चष्मा वापरू लागला. इष्ट वर्तनाच्या जवळ जाणाऱ्या प्रत्येक पायरीला दाद देण्याच्या या तंत्राला आकारण म्हणतात. वुल्फ, रिस्ली आणि डोनाल्ड बेअर यांनी १९६८ मध्ये या शाखेचे निकष मांडणारा लेख लिहिला. त्याच वर्षी तिचे स्वतंत्र नियतकालिकही सुरू झाले.

ही शाखा शिकणाऱ्याला पहिली सवय लावून घ्यावी लागते ती नोंदीची. ‘मूल हट्टी आहे’ ही नोंद होत नाही. ‘गणिताची वही समोर येताच वही फेकली, बाईंनी वर्गाबाहेर पाठवले’ ही होते. तिच्यात पूर्वघटना, वर्तन आणि परिणाम हे तिन्ही दिसतात. वर्तन वाढवणाऱ्या परिणामाला प्रबलन म्हणतात. त्यातले ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा, हा गैरसमज फार पसरलेला आहे. ऊन टळते म्हणून आपण छत्री उघडतो. नकोसे काही टळल्यामुळे वर्तन वाढले, की ते ऋण प्रबलन. वर्गाबाहेर गेलेल्या त्या मुलाचे गणित टळले. म्हणजे शिक्षा म्हणून जे केले, त्यानेच वही फेकणे पक्के झाले.

प्रबलन थांबवून वर्तन कमी करणे म्हणजे विलोपन. ते सुरू केल्यावर वर्तन बहुधा आधी उसळते. रडल्यावर मोबाइल मिळणे बंद झाले की मूल काही काळ जास्तच रडते. घरचे घाबरून नेमके तेव्हाच मोबाइल देतात आणि अधिक जोरात रडले की मिळतो, हे मूल शिकते. याची कल्पना घरच्यांना आधीच द्यायला हवी.

एकच वर्तन निरनिराळ्या कारणांनी होते, ही या शाखेची सर्वांत मोलाची शिकवण. ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये स्वतःला इजा करणाऱ्या ९ मुलांना वेगवेगळ्या परिस्थितींत पाहिले: इजा केल्यावर लक्ष दिले जाते, काम थांबवले जाते, मूल एकटेच असते, किंवा मोकळे खेळते. कोणत्या परिस्थितीत इजा वाढते, हे मुलागणिक बदलत होते. म्हणून कारण न शोधता सर्वांना एकच उपाय लावणे चुकीचे ठरते. कारण कळले की पर्याय शिकवता येतो. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरांड यांनी १९८५ मध्ये मुलांना मदत किंवा कौतुक मागायला शिकवले, तेव्हा त्यांचे त्रासदायक वर्तन कमी झाले.

हात धुण्यासारखे काम लहान पायऱ्यांत मोडून साखळीने शिकवतात. आधाराला हात धरणे, बोट दाखवणे अशा सूचना देतात आणि त्या क्रमाने काढून घेतात. केंद्रात शिकलेले घरी, आजीसमोरही जमेपर्यंत शिकवणे पुरे झाले असे मानत नाहीत.

या शाखेचा इतिहास निष्कलंक नाही. ओले इव्हार लोव्हास यांनी १९८७ मध्ये आठवड्याला सुमारे ४० तासांच्या थेरपीनंतर १९ पैकी ९ मुले सामान्य शैक्षणिक व बौद्धिक पातळीवर आल्याचा दावा केला. पण मुलांची गटवारी यादृच्छिक पद्धतीने झाली नव्हती आणि उपचारात शारीरिक शिक्षाही होती. हात फडफडवणे बंद करणे, नजरेला नजर द्यायला लावणे अशा उद्दिष्टांवर अनेक स्वमग्न प्रौढांनी कडाडून टीका केली आहे, आणि ती रास्त आहे. कोणालाही इजा न करणारे वर्तन फक्त इतरांना वेगळे दिसते म्हणून मोडून काढण्यात मुलाचे हित नसते. उद्दिष्टे संबंधितांना मोलाची वाटतात का, हे तपासण्याचा आग्रह वुल्फ यांनी १९७८ मध्येच धरला होता. आज मुलाच्या संमतीकडे, न बोलता दिलेल्या नकाराकडेही, पूर्वीपेक्षा अधिक लक्ष दिले जाते.