बालवाडीतल्या ताईंना खास पदवी लागतेच का?

‘अपंग मुलाला सांभाळायला खास पदवीच हवी, साध्या बालवाडीत ते जमत नाही,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो, बहुधा काळजीपोटीच. प्रशिक्षणाचा उपयोग होतो हे खरं. पण ती प्रवेशाची अट नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १६ मान्यताप्राप्त संस्थांना भेदभाव न करता प्रवेश द्यायला सांगतं.

ताईंना खरा आधार असतो आईने सांगितलेल्या बारकाव्यांचा, थेरपिस्टने वर्गात येऊन करून दाखवण्याचा आणि मदतीला आणखी एका बाईंचा. मुंबईतल्या चाळीत एका खोलीत भरणाऱ्या बालवाडीतही दिवसाचा क्रम चित्रांतून भिंतीवर लावता येतो. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला रस्त्याच्या गोंगाटापासून दूर, ताईंचा चेहरा दिसेल असं बसवता येतं. ताई एकटीच असेल, तर मात्र पदवीही अपुरी पडते.

पडताळायचंय? परवानगी घेऊन तासभर वर्गात बसा. गाण्याच्या वेळी ते मूल गोलात असतं की कोपऱ्यात? कोपऱ्यात असेल, तर ताईंना काय कमी पडतंय ते विचारा.