इंटिरियर डिझायनर आणि टर्नकी ठेकेदार: फरक आहे तो तपासणीचा

नाशिकमध्ये घराचे नूतनीकरण काढलेल्या कोणालाही ‘डिझायनर नेमला का?’ असे विचारले, तर ‘हो, त्यांनीच सगळे काम घेतले आहे’ असे उत्तर हमखास मिळते, आणि त्या एका वाक्यात दोन निराळे व्यवसाय एकच समजले गेलेले असतात. ठेकेदार काय करतो हे सांगायला नको. सुतार, प्लंबर, वायरमन, रंगारी यांना जमवून, साहित्यासह सगळे करून जो घराची किल्ली हाती देतो, तो टर्नकी ठेकेदार. इंटिरियर डिझायनर आराखडा करतो, मापांची रेखाचित्रे काढतो, कोठे कोणते साहित्य लागेल ते लिहून देतो आणि चालू कामावर देखरेख ठेवतो.

पदवी कोणाकडे आहे, संगणकावरची चित्रे कोण चांगली काढतो, हे फरक किरकोळ आहेत. ‘आर्किटेक्ट’ हे नाव लावण्यासाठी १९७२ च्या कायद्यानुसार नोंदणी लागते. ‘इंटिरियर डिझायनर’ या नावाला तसे बंधन नाही, त्यामुळे पाटीवरून काहीच ठरत नाही.

ठरते ते पैशांच्या वाटेवरून. डिझायनरला तुम्ही फी देता, म्हणून काम तपासण्याची जबाबदारी तो तुमच्या वतीने घेतो. टर्नकी ठेकेदाराचे उत्पन्न मात्र ठरलेली रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च यांच्यातील अंतरातून येते. यात गैर काही नाही, तो रीतसर धंदा आहे. पण आराखडा करणारा, साहित्य आणणारा आणि ‘काम ठीक झाले’ असे सांगणारा माणूस एकच असला, तर तुमच्या बाजूने पाहणारे कोणी उरत नाही. ‘डिझाइन मोफत’ या दोन शब्दांचा मला मनापासून राग आहे तो यासाठी. त्या डिझाइनची किंमत साहित्याच्या आणि मजुरीच्या दरात धरलेली असते, आणि बहुतेक वेळा ती रेखाचित्रे घेऊन दुसऱ्या ठेकेदाराकडे जाण्याची मुभाही नसते.

एक साधे कपाट घ्या: सात फूट उंच, सहा फूट रुंद, म्हणजे दर्शनी मापाने ४२ चौरस फूट. कोटेशनमध्ये ‘वुडवर्क, प्लाय व लॅमिनेटसह, प्रति चौरस फूट’ एवढेच लिहिलेले असेल, तर आत आयएस ७१० या भारतीय मानकाचा, पाण्याला टिकणारा मरीन प्लाय वापरला की आयएस ३०३ मधला साधा, फक्त दमटपणा सोसणारा एमआर ग्रेडचा, याचे उत्तर त्या कागदात नाही. पाठीमागचा प्लाय किती मिलिमीटरचा, ड्रॉवरच्या पट्ट्या आणि बिजागऱ्या कोणत्या कंपनीच्या, आतून लॅमिनेट की नुसता रंग, हेही नाही. लॅमिनेट चिकटवल्यावर आतला प्लाय दिसत नाही. सिंकखालच्या कपाटाचा तळ फुगतो तेव्हाच फरक कळतो. वेगळा डिझायनर असेल, तर हे तपशील दर मागवण्यापूर्वीच परिमाणपत्रकात, म्हणजे प्रत्येक कामाचे माप आणि साहित्य ओळीओळीने मांडलेल्या यादीत, लिहिलेले असतात आणि कापण्यापूर्वी प्लायवरचा शिक्का पाहिला जातो. थ्रीडी चित्रावर भाळून सही करणाऱ्यांना माझे आग्रहाने सांगणे आहे की, सुतार त्या चित्रावरून काम करू शकत नाही; त्याला मापांची वर्किंग ड्रॉइंग लागतात आणि तुम्हीही तीच मागितली पाहिजेत.

वेगळी फी दिली म्हणजे सगळे आपोआप सुरळीत होते, असेही नाही. दुकानांकडून डिझायनरला कमिशन मिळण्याची पद्धत सर्वांना ठाऊक आहे. म्हणून दुकानाची प्रत्येक सवलत घरमालकाच्या बिलात दिसेल, हे करारात लिहून घ्यावे. खर्चाच्या टक्केवारीने ठरणारी फी मला पटत नाही, कारण खर्च वाढला की ती फीही वाढते. कार्पेट क्षेत्रफळावर ठरलेली एकरकमी फी, टप्प्याटप्प्याने द्यायची, आणि तिच्यात साइटवरच्या भेटींची संख्या नमूद केलेली, ही रीत मी श्रेयस्कर मानतो. भिंत पाडायची असेल, तर डिझायनर किंवा ठेकेदार यांपैकी कोणाच्याही शब्दावर न जाता स्ट्रक्चरल इंजिनिअरचे लेखी मत घ्यावे.

नुसता ओटा आणि ट्रॉल्या बदलायच्या असतील, तर तपशीलवार कोटेशन देणारा चांगला ठेकेदार पुरेसा आहे. तेथे वेगळ्या डिझायनरची फी परवडणारी नाही. परंतु पंचवटीतील जुना वाडा किंवा सिडकोतील जुने घर, जेथे वायरिंग, नळजोडणी आणि ओल आलेल्या भिंती एकदमच उघडाव्या लागतात, तेथे आधी डिझायनर नेमावा, त्याच्याकडून परिमाणपत्रक करून घ्यावे आणि तेच पत्रक तीन ठेकेदारांना देऊन प्रत्येक ओळीसमोर दर भरून मागवावेत.