अणुवीज केंद्रातलं अधिकारपद: पात्रता, लायसन्स आणि बडोद्यातून भरायचा अर्ज

दांडिया बाजारात आमच्या मंडळाची एक खोली आहे. दर मार्च-एप्रिलमध्ये तिथे इंजिनिअरिंगची मुलं कागदांची फाइल घेऊन येतात. सोबत आई असते, नाहीतर काका. सुरतला गाडी बदलून ताप्ती लाइनवर व्याराला उतरलं की काकरापारचं अणुवीज केंद्र जवळच आहे, त्यामुळे प्रश्न ठरलेला असतो: "तिथे मॅनेजरची जागा कधी निघते? फॉर्म कुठे भरायचा?"

असा फॉर्म नसतो. केंद्राचा स्टेशन डायरेक्टर, त्याच्या हाताखालचा चीफ सुपरिंटेंडंट, ऑपरेशन, मेंटेनन्स, टेक्निकल सर्व्हिसेस आणि ट्रेनिंगचे सुपरिंटेंडंट ही माणसं वर्षानुवर्षं आतच घडतात. बाहेरून भरायचा अर्ज एकच, अगदी तळाच्या पायरीचा. तरी मी मुलांना आधी वरच्या पायऱ्या समजावतो. वर काय मागितलं जातं ते कळल्याशिवाय खाली एवढे कागद का तपासतात ते उमगत नाही.

खुर्ची आणि ग्रेड वेगवेगळ्या

न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे एनपीसीआयएल, ही केंद्रं चालवते. तिथे इंजिनिअर सायंटिफिक ऑफिसर 'सी' या ग्रेडला लागतो आणि पुढे डी, ई, एफ असा चढत जातो. पण ग्रेड वाढली म्हणून कंट्रोल रूममधली खुर्ची मिळत नाही. तिच्यासाठी वेगळं लायसन्स लागतं, आणि ते कंपनीच्या मर्जीवर सोडलेलं नाही. १५ नोव्हेंबर १९८३ ला स्थापन झालेलं अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी, त्यावर देखरेख ठेवतं. सरकारी नोकरीत ज्येष्ठतेने खुर्ची मिळते हे आपल्या घराघरांत रुजलेलं गणित इथे लागू पडत नाही. हे मुलाइतकंच पालकांनीही आधी समजून घ्यावं.

शिफ्टमधली उतरंड साधारण अशी: प्लँटमध्ये प्रत्यक्ष फिरणारा फील्ड इंजिनिअर, पॅनलसमोर बसणारा कंट्रोल इंजिनिअर, त्याच्यावर असिस्टंट शिफ्ट चार्ज इंजिनिअर आणि सगळ्यांवर शिफ्ट चार्ज इंजिनिअर. रात्री तीन वाजता अणुभट्टीबाबत निर्णय घ्यायची वेळ आली तर तो शिफ्ट चार्ज घेतो. डायरेक्टर त्या वेळी वसाहतीतल्या घरी झोपलेला असतो.

याचं महत्त्व नरोराच्या आगीत दिसलं. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्राच्या पहिल्या युनिटमध्ये टर्बाइनची दोन पाती तुटली, हायड्रोजन बाहेर पडला आणि आग भडकली. केबली जळत गेल्या. कंट्रोल रूममध्ये इतका धूर भरला की माणसांना ती सोडावी लागली. युनिटची वीज १७ तास गेली होती. ड्यूटीवरच्या माणसांनी अणुभट्टी हाताने बंद केली. मग काही जण बॅटरीचे दिवे घेऊन अणुभट्टीच्या इमारतीत वर चढले आणि बोरॉनचं द्रावण सोडणारे व्हॉल्व्ह हाताने उघडले, म्हणजे भट्टी पुन्हा पेटायची शक्यता उरू नये. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या मजल्यावर आहे हे अंधारात पायांना ठाऊक असावं लागतं. लायसन्सची परीक्षा नेमकं तेच तपासते.

लायसन्स कसं मिळतं

आधी नेमून दिलेल्या यंत्रणा एकेक करून शिकायच्या. प्रत्येकीची चेकलिस्ट असते. पाइपलाइन प्रत्यक्ष पायाखाली घालायची, कुठून निघते आणि कुठे जाते ते दाखवायचं, मग वरिष्ठ सही करतो. ही वही भरायला महिनोन् महिने लागतात. त्यानंतर लेखी परीक्षा. मग वॉक-थ्रू: परीक्षक उमेदवाराला प्लँटमध्ये नेतो, एखाद्या पंपासमोर उभं करतो आणि विचारतो, "हा आत्ता ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला. तुम्हाला पहिल्यांदा कुठे कळेल? पुढे काय कराल?" पाठांतर तिथे टिकत नाही. पुढे सिम्युलेटर. हुबेहूब कंट्रोल रूम असते आणि शिक्षक मागे बसून बिघाड घालत राहतो. वैद्यकीय तंदुरुस्ती तपासतात, आणि शेवटी समितीपुढे तोंडी परीक्षा होते.

एवढं करून मिळालेलं लायसन्स तीन वर्षांचं. मुदत संपायच्या आत पुन्हा प्रशिक्षण, पुन्हा तपासणी. लायसन्स ठरावीक पदाचं आणि ठरावीक प्रकारच्या प्लँटचं असतं. काकरापारमध्येच याचं उदाहरण आहे. पहिली दोन युनिटं २२० मेगावॉटची, १९९३ आणि १९९५ मध्ये सुरू झालेली. तिसरं आणि चौथं ७०० मेगावॉटचं. तिसऱ्यातली साखळी प्रक्रिया २२ जुलै २०२० ला सुरू झाली आणि चौथं युनिट ३१ मार्च २०२४ पासून व्यावसायिक वीज देऊ लागलं. एकाच आवारात असली तरी जुन्या युनिटवर मुरलेला माणूस उठून नव्या युनिटच्या पॅनलवर बसत नाही. त्याला फरकाचं प्रशिक्षण घेऊन पात्र व्हावं लागतं.

वरची माणसं बदलतात तेव्हा

बदली आणि निवृत्ती सगळीकडे असते. इथे फरक असा, की केंद्र चालवण्याच्या तांत्रिक अटींचं जे दस्तऐवज एईआरबी मंजूर करतं, त्यात यंत्रांच्या मर्यादांबरोबर माणसांच्या मर्यादाही लिहिलेल्या असतात: संघटना कशी, कोणाची जबाबदारी कुठवर, शिफ्टमध्ये कमीत कमी किती लायसन्सधारक हजर हवेत. तेवढे नसतील तर युनिट चालवता येत नाही. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आला नाही तर आधीच्याने जागा सोडायची नाही, हा शिफ्टचा धर्म इथूनच येतो. व्यवस्थापनातल्या पदांनाही पात्रता ठरवून दिलेली आहे. त्यामुळे कोणी निवृत्त व्हायच्या कितीतरी आधी त्याच्या जागेचा माणूस तयार करायला घ्यावा लागतो.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा दंडकही हेच सांगतो: सुरक्षेवर परिणाम करू शकेल असा संघटनेतला बदल अमलात आणण्याआधी तपासा. अमेरिकेत हे आणखी काटेकोर आहे. तिथे तांत्रिक अटी केंद्राच्या परवान्याचाच भाग असतात. कर्मचाऱ्यांच्या पात्रतेचं कलम बदलायचं असेल तर कंपनीला परवाना-दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो आणि नियामक आयोगाची मंजुरी आल्यावरच बदल होतो. ऑपरेशन्स मॅनेजरकडे वरिष्ठ ऑपरेटरचं लायसन्स आहे किंवा पूर्वी होतं, अशी अट अनेक केंद्रांच्या कागदात असते. २८ मार्च १९७९ ला तिथल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात व्हॉल्व्ह उघडा राहिला आणि पॅनलसमोरच्या माणसांना ते ओळखता आलं नाही. त्यानंतर तिकडचे हे नियम आणखी कडक झाले.

म्हणून अधिकारपदाचं स्वप्न असेल तर शिफ्टला नाही म्हणू नका, असं मी प्रत्येक मुलाला सांगतो आणि मुलींना दुप्पट आग्रहाने सांगतो. "दिवसपाळीचं काम मिळालं तर बरं" ही घरच्यांची इच्छा मायेपोटी असते, पण ऑपरेशनची वरची वाट शिफ्टमधूनच जाते. रेडिएशनची भीतीही घरचे बोलून दाखवतात. काम करणाऱ्याची मर्यादा ठरलेली आहे: पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणारं रेडिएशन मोजायचं एकक) आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. छातीवर लावलेल्या बॅजवरून प्रत्येकाचा हिशेब ठेवला जातो.

आता तळाची पायरी: एक्झिक्युटिव्ह ट्रेनी

आपल्याला भरायचा तो हाच अर्ज. २०२५ मध्ये ४०० जागा होत्या आणि अर्ज १० ते ३० एप्रिल घेतले गेले. मेकॅनिकल १५०, इलेक्ट्रिकल ८०, केमिकल ६०, इलेक्ट्रॉनिक्स ४५, सिव्हिल ४५, इन्स्ट्रुमेंटेशन २०. बी.ई., बी.टेक. किंवा पाच वर्षांचं एकत्रित एम.टेक., किमान ६० टक्के. वय खुल्या गटाला २६ पर्यंत, ओबीसींना २९, अनुसूचित जाती-जमातींना ३१. गेटचे, म्हणजे इंजिनिअरिंगच्या देशपातळीवरच्या परीक्षेचे, गुण लागतातच, आणि ते तीन वर्षं चालतात, म्हणून त्या वर्षी २०२३, २०२४ आणि २०२५ पैकी कुठलाही निकाल धरला गेला. गेटचा विषय आणि पदवीची शाखा जुळायला हवी. फी ५०० रुपये, तीही फक्त खुल्या, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि ओबीसी गटातल्या पुरुषांना. मुलींना फी नाही.

एक गैरसमज इथेच दूर करतो. गेटचे गुण फक्त मुलाखतीच्या दारापर्यंत नेतात. अंतिम यादी मुलाखतीच्या गुणांवर लागते. गेटला चांगला नंबर आला म्हणून मुलाखतीची तयारी न करता गेलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि परत आलेलीही.

निवड झाली की वर्षभर प्रशिक्षण, २०२५ च्या जाहिरातीप्रमाणे महिना ७४,००० रुपये विद्यावेतन, आणि नंतर तीन वर्षं नोकरीचा करार. डिप्लोमा किंवा बी.एस्सी. झालेल्यांसाठी आणि बारावी सायन्स किंवा आयटीआयवाल्यांसाठी स्टायपेंडरी ट्रेनीच्या वेगळ्या जाहिराती निघतात. त्यांची वाट वेगळी, तिच्यावर पुन्हा कधीतरी सविस्तर लिहीन.

कागद, आणि बडोद्यातल्या मराठी घरांची अडचण

आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ यातच जातो.

पहिली गोष्ट नाव. गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर क्रम उलटा. त्यात आपली आडनावं इंग्रजीत लिहिताना प्रत्येक जण आपल्या कानाने लिहितो. गेल्या वर्षी एका मुलीच्या दहावीच्या मार्कशीटवर 'शिंदे'मधला एच गळालेला होता, पदवीवर होता, गेटच्या स्कोअरकार्डवर पुन्हा नव्हता. ती तीन कागद शेजारी शेजारी ठेवून नुसती बघत बसली. क्रमाचा फरक सहसा समजून घेतला जातो, स्पेलिंगचा फरक मात्र अडवतो. दहावीचा दाखला प्रमाण धरा, गेटचा फॉर्म भरतानाच नाव त्याच्याशी जुळवा, आणि जुना फरक उरत असेल तर प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

दुसरी गोष्ट जातीचा दाखला. इथे फार मुलं अडकतात. गुजरातमध्ये मागासवर्गाचा जो दाखला शाळा-कॉलेजसाठी काढतात तो एसईबीसीचा, राज्याच्या नमुन्यातला. एनपीसीआयएलला केंद्र सरकारच्या नमुन्यातला ओबीसी नॉन-क्रीमी लेअर दाखला हवा. जनसेवा केंद्रात अर्ज देतानाच "केंद्राच्या नोकरीसाठी" असं स्पष्ट सांगा, नाहीतर हातात पुन्हा गुजरातीतला कागद येतो. ईडब्ल्यूएसचंही तसंच, राज्याचा नमुना वेगळा, केंद्राचा वेगळा.

तिसरी गोष्ट मूळ राज्याची. केंद्राची ओबीसी यादी राज्यवार आहे. आजोबा साताऱ्याहून किंवा जळगावहून आले असतील तर तुमची जात महाराष्ट्रापुढच्या यादीत असेल आणि गुजरातपुढे नसेलही. अशा वेळी वडिलांचा किंवा आजोबांचा मूळ जिल्ह्यातला दाखला हाच पाया. तो गावाकडे शोधायला, तलाठ्याकडून जुनी नोंद काढायला दोन-तीन फेऱ्या होतात. जाहिरात आल्यावर पंधरा-वीस दिवसांत हे जमत नाही. गणपतीला किंवा दिवाळीला गावी जाल तेव्हाच हे काम उरका.

बाकीचे कागद सरळ आहेत: सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी किंवा तात्पुरतं प्रमाणपत्र, गेटचं स्कोअरकार्ड, जन्मतारखेसाठी दहावीचा दाखला, फोटो, सही. विद्यापीठ ग्रेड देत असेल तर टक्केवारीत रूपांतराचं पत्र. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या मुलांनी, म्हणजे तिथल्या इंजिनिअरिंगच्या, कलाभवनवाल्यांनी, ते शेवटच्या निकालाबरोबरच मागून घ्यावं, कारण ६० टक्क्यांच्या काठावर असाल तर सगळं त्या पत्रावर ठरतं. आधीच सरकारी किंवा सार्वजनिक कंपनीत असाल तर ना-हरकत पत्र. निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणी आणि वैद्यकीय तपासणी होते. पडताळणीच्या फॉर्ममध्ये आधीच्या राहण्याचे पत्तेही भरायचे असतात, म्हणून होस्टेल आणि भाड्याच्या खोल्यांचे पत्ते तारखांसह आजच एका वहीत लिहून ठेवा. पोलिस खटला कधी झाला असेल, सुटका झाली असेल तरी, लपवू नका. लपवलेलं नंतर उघड झालं तर त्याच कारणावर नेमणूक जाऊ शकते.

वर्षाचा क्रम असा बसवा. पावसाळा सरताना गेटची नोंदणी सुरू होते, तेव्हा नावाचं बघा. दिवाळीत मूळ गावचा दाखला. फेब्रुवारीत गेट, मार्चमध्ये निकाल. ईडब्ल्यूएसचा दाखला आधीच्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावर मिळतो, म्हणून मार्चमध्ये घाईने काढलेला एप्रिलच्या अर्जाला चालत नाही. तो १ एप्रिलनंतर काढा, आणि त्यासाठी लागणारे उत्पन्नाचे कागद मार्चअखेरच जमवून ठेवा. आमची खोली एप्रिलभर संध्याकाळी सहानंतर उघडी असते. येताना झेरॉक्स नको, मूळ कागद आणा, सगळे एकत्र टेबलावर पसरून बघू.