भिंत चकाचक, कढीपत्ता गेला

गेल्या मे महिन्यात आमच्या न्यू जर्सीतल्या घराची उत्तरेकडची भिंत धुवून घेतली. त्या बाजूला ऊन नाही, त्यामुळे पांढऱ्या साइडिंगवर, म्हणजे भिंतीच्या बाहेरच्या आवरणावर, दरवर्षी हिरवट शेवाळ चढतं, पावसाळ्यात कोकणातल्या गडग्यावर चढतं तसंच, फक्त इथे ते प्लॅस्टिकवर चढतं. धुणारा माणूस आला, दोन तासांत भिंत दुधासारखी करून गेला, झाडांचं काय विचारलं तर म्हणाला काही होत नाही. चौथ्या दिवशी भिंतीखालच्या हायड्रेंजियाच्या फुलझाडाच्या पानांवर तपकिरी डाग, आणि माझ्या कुंडीतल्या कढीपत्त्याची पानं कडेने पांढरी पडून गळायला लागली. वाईट याचं वाटलं की हिवाळाभर घरात ठेवलेलं झाड एकदम उन्हात ठेवलं तर भाजतं, म्हणून मीच ते आठवडाभर त्या सावलीच्या भिंतीला ठेवलं होतं.

मला वाटलं पाण्याच्या जोराने झालं असणार. तसं नव्हतं, पण जोराचंही आधी बघू, कारण सगळ्यांचं लक्ष तिकडेच असतं.

बागेच्या साध्या नळीला साधारण ४० ते ६० पीएसआय दाब असतो, म्हणजे दर चौरस इंचावर तितके पौंड. कारच्या टायरमध्ये ३२ च्या आसपास. घरगुती प्रेशर वॉशर १५०० ते २००० पीएसआय देतो, पेट्रोलवरचा ३००० च्याही वर जातो. २००० पीएसआयने पाणी नोझलमधून सुटतं तेव्हा हिशोबाने त्याचा वेग ताशी ६०० किलोमीटरच्या घरात येतो. ऐकायला भयंकर, पण त्यात पाणी किती असतं तर मिनिटाला पाच-सहा लिटर, त्यामुळे हाताला बसणारा धक्का जेमतेम दीड किलोचा. मग साफ कसं होतं? तो दीड किलो अगदी चिंचोळ्या जागेवर पडतो म्हणून, सुई टोचते आणि चमचा टोचत नाही तसं. नोझल रंगांवरून ओळखतात, लाल म्हणजे शून्य अंशाची एकच सरळ धार, पांढरं म्हणजे ४० अंशांचा पंखा. लाल नोझलला घराच्या भिंतीजवळ कामच नाही, ते लाकडात चर पाडतं आणि माणसाची कातडीही फाडतं. फुटभर मागे सरकलात तरी पंखा पसरतो, थेंब हवेत फुटून मंदावतात आणि जोर पुष्कळ कमी होतो, म्हणजे जोर आवरायचा तो अंतरानेच.

आता इकडच्या घरांचं एक सांगायला हवं, आपल्याकडच्या वाचकांना साइडिंग म्हणजे सिमेंटच्या गिलाव्यासारखं काहीतरी वाटेल. घर लाकडी सांगाड्याचं, त्यावर फळ्या, त्यावर पाणी अडवणारा कागदासारखा थर, आणि सगळ्यात बाहेर विनाइलच्या, म्हणजे पीव्हीसीच्या आडव्या पट्ट्या, एकीत एक अडकवलेल्या. या पट्ट्या खिळ्यांना घट्ट ठोकत नाहीत, लांबट भोकांतून सैल टांगतात, कारण १२ फुटांची पट्टी थंडी-उन्हात जवळजवळ अर्धा इंच आखडते-वाढते. खालच्या कडेला बारीक भोकं असतात, आत गेलेलं पाणी निघून जायला. म्हणजे ही भिंत वॉटरप्रूफ नाहीच मुळात, ती छत्री आहे, रेनकोट नाही. पाऊस वरून खाली पडतो हे धरूनच ती केलेली. तुम्ही खालून वर जोरात धार मारलीत की पाणी थेट पट्ट्यांच्या मागे, आणि मग आत बुरशी.

त्यामुळे शहाणे धुणारे जोर वापरतच नाहीत, ते सॉफ्ट वॉश करतात. दाब बागेच्या नळीपेक्षा थोडासाच जास्त, आणि काम करतं ते ब्लीच, सोडियम हायपोक्लोराइट. माझ्या कढीपत्त्याचा मारेकरीही तोच. दुकानातल्या ब्लीचमध्ये ते ६ ते साडेसात टक्के असतं, धंदेवाले साडेबारा टक्क्यांचं आणतात आणि पाणी-साबण घालून भिंतीवर पडेपर्यंत ते साधारण १ टक्का करतात. पाण्यात त्यातून हायपोक्लोरस आम्ल तयार होतं, ते पेशीचं आवरण ओलांडून आत शिरतं आणि प्रथिनं मोडून टाकतं, हरितद्रव्याचा रंगही उडवतं. शेवाळाचं हरितद्रव्य आणि कढीपत्त्याचं हरितद्रव्य यातला फरक ब्लीचला कळत नाही.

आणि साबण कशाला, तर उभ्या भिंतीवरून मिश्रण घसरून जाऊ नये म्हणून. पानावर नैसर्गिक मेणाचा थर असतो, नुसतं पाणी त्याच्यावर गोळी होऊन ओघळतं, अळवाच्या पानावर बघितलंय ना सगळ्यांनी. साबण मिसळला की तीच गोळी सपाट पसरते आणि चिकटून बसते. मग वाऱ्या-उन्हाने पाणी उडून जातं, ब्लीच मागे राहतं आणि थेंब क्षणाक्षणाला जास्त तीव्र होत जातो. डाग कडेला आणि टोकाला जास्त का होते हे तेव्हा कळलं, थेंब ओघळून तिथेच थांबतो.

यावरचा उपाय इतका साधा आहे की विश्वास बसत नाही: आधी पाणी घाला. धुण्यापूर्वी झाडं साध्या नळीने चिंब करायची, पानं वरून-खालून आणि माती तर अगदी गच्च. पानावर पाण्याचा थर असला की पडणारा थेंब तिथेच पातळ होतो, आणि मातीच्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असल्या की वरून आलेलं मिश्रण कोरड्या मातीसारखं सटकन आत शोषलं जात नाही. धुणं चालू असताना मधेमधे, आणि झाल्यावर पुन्हा. एका माणसाने फक्त नळी धरून उभं राहायचं, घरातल्या कुठल्याही मोकळ्या माणसाला जमेल असं काम. प्लॅस्टिक टाकून झाकणं मात्र उन्हात अंगाशी येतं, आत भट्टी होते आणि एखादी धार आत शिरलीच तर ती तिथेच कोंडते. झाकायचंच तर जुनी सुती चादर ओली करून, आणि भिंत झाली की लगेच काढून धुवायची. ढगाळ सकाळ मिळाली तर अजून उत्तम.

मातीत गेल्यावर काय होतं हे जास्त मजेशीर आहे. सेंद्रिय पदार्थ भरपूर असलेल्या मातीत ब्लीचमधलं क्लोरीन फार टिकत नाही, पालापाचोळा, कंपोस्ट, जिवाणू यांच्याशी भिडून ते पटकन संपतं आणि उरतं क्लोराइड, म्हणजे सोडियमबरोबर आपलं मीठ. हिशोब करून बघितला. १ टक्क्याच्या १० लिटर मिश्रणात १०० ग्रॅम हायपोक्लोराइट, त्याचं शेवटी जवळपास ८० ग्रॅम मीठ होतं, आणि साधं ब्लीच बनवतानाच त्यात साधारण तेवढंच मीठ तयार झालेलं असतं. म्हणजे १६० ग्रॅम, छोट्या बरणीभर लोणच्याला पुरेल इतकं. अख्ख्या बागेत पसरलं तर काही नाही, पण ते पडतं भिंतीलगतच्या दोन फुटांच्या वाफ्यात, जिथे छपराच्या पुढे आलेल्या कडेमुळे पाऊसही कमी पोचतो, मग ते धुवून जाणार कसं? सोडियम साठलं की चिकणमातीचे कण सुटे होतात, माती पाणी धरेनाशी आणि सोडेनाशी होते. त्यात ब्लीच अल्कधर्मी, पायाच्या काँक्रीटमधून चुनाही झिरपत असतोच. आम्लधर्मी मातीवर जगणाऱ्या अझेलियासारख्या झाडांना मग लोह मिळत नाही आणि नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. हे दिसतं उशिरा, आणि लोक म्हणतात धुऊन महिना झाला, आता कशाला त्याचं नाव घेता.

काही जण सोडियम थायोसल्फेट शिंपडतात, जुन्या फोटो स्टुडिओतलं हायपो ते हेच. क्लोरीन ते मारतं, पण मीठ तसंच राहतं, त्याला पाणीच लागतं. आणि गंज काढायला व्हिनेगर किंवा दुसरं आम्ल वापरलं असेल तर त्यावर ब्लीच अजिबात नको, क्लोरीन वायू निघतो.

मग हे पाणी रस्त्याकडेच्या गटारात सोडलं तर वाफा वाचेल असं वाटतं, मलाही वाटलं होतं. पण इकडे पावसाच्या पाण्याची ती जाळी बहुतेक ठिकाणी कुठल्याही शुद्धीकरणाशिवाय थेट ओढ्याला जाते, आणि १९७२ च्या क्लीन वॉटर अ‍ॅक्टखाली असं पाणी तिथे सोडता येत नाही. गोड्या पाण्यातल्या जीवांसाठी ईपीएने, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, क्लोरीनची अल्पकाळासाठीची मर्यादा १९ मायक्रोग्रॅम प्रति लिटर धरलीय. १ टक्क्याचं एक लिटर मिश्रण तिथवर पातळ करायला अंदाजे ५ लाख लिटर पाणी लागेल. त्यापेक्षा ते हिरवळीवर पसरून जिरू द्यावं, मातीच क्लोरीनला संपवते.

घर १९७८ च्या आधीचं आणि रंगवलेल्या लाकडी साइडिंगचं असेल तर मात्र धार मारायच्या आधी रंगात शिसं आहे का तपासून घ्या. त्या वर्षी घरांसाठी शिशाच्या रंगावर अमेरिकेत बंदी आली, त्याआधीचे थर अजून खाली असतात. जोराच्या पाण्याने पापुद्रे उडतात आणि बरोबर खालच्या वाफ्यात पडतात, आणि शिसं काही कुजून नाहीसं होत नाही. आपली मंडळी नेमकी उन्हाच्या भिंतीला मेथी-कोथिंबीर पेरतात. जुन्या ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या साइडिंगला तर प्रेशर वॉशर लावायचाच नाही.

इतकं सगळं शिकून मी शहाणी झाले असं वाटत असतानाच ऑक्टोबरमध्ये त्याच स्वच्छ भिंतीवर काळे ठिपके दिसले. टाचणीच्या डोक्याएवढे, शेकडो, डांबर शिंपडल्यासारखे. आधी किड्यांची विष्ठा वाटली. ती निघाली आर्टिलरी फंगस, म्हणजे तोफवाली बुरशी, स्फेरोबोलस. राहते कुठे, तर वाफ्यात घातलेल्या मल्चमध्ये, लाकडाच्या त्या ओल्या तुकड्यांत. दोन मिलिमीटरची वाटी, तिच्यात एक काळी गोळी. वाटीच्या आतल्या थरात साखर वाढते, पाणी ओढलं जातं, ताण येतो आणि थर टणकन उलटा होतो, छत्री वाऱ्याने उलटते तसा. गोळी ६ मीटरपर्यंत जाऊ शकते. ती उजेडाच्या दिशेने नेम धरते, आणि सावलीतल्या वाफ्याला सगळ्यात जास्त उजेड मागच्या पांढऱ्या भिंतीवरून परतून मिळतो, नुकतीच घासूनपुसून लख्ख केलेली असेल तर विचारूच नका.

गोळीचा चिकटा असा की प्रेशर वॉशरने निघत नाही, ब्लीचने निघत नाही, खरवडली तर खाली तपकिरी डाग राहतो. पेन्सिल्व्हेनियात मश्रूमची शेती मोठी, तिथल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या लोकांनी मश्रूम काढून उरलेलं कंपोस्ट मल्चमध्ये ४० टक्क्यांपर्यंत मिसळून बघितलं तर ही बुरशी बरीच दबली. आमच्याकडे ते मिळेना, म्हणून नवऱ्याने आणि मी दोन शनिवार घालवून वाफ्यातला मल्च उचलला आणि खडी टाकली. जुने ठिपके आहेत तसेच आहेत, चहा पिता पिता नखाने एकेक काढते, दिवसाला दहा-बारा निघतात.