ओन्टारियोचं जी२: पोरांच्या गाडीत किती पोरं बसणार, हा नियम आला कुठून

कॅनडाच्या ओन्टारियो प्रांतात मुलाला जी२ (लायसनचा मधला टप्पा; त्याआधी शिकाऊ जी१, शेवटी फुल जी) मिळालं की घरात पहिला प्रश्न हाच, की आता मित्रांना घेऊन जाऊ द्यायचं का. नियम असा की चालवणारा १९ किंवा त्याच्या आतला असेल तर पहिले सहा महिने रात्री १२ ते पहाटे ५ या वेळात १९ किंवा त्याच्या आतला एकच पॅसेंजर चालतो, सहा महिन्यांनंतर तीन. सख्खी भावंडं यात मोजत नाहीत, आणि शेजारच्या सीटवर चार वर्षांचा अनुभव असलेला फुल लायसनवाला बसला असेल तर हे बंधन लागतच नाही. दिवसा मात्र जितके सीटबेल्ट तितकी पोरं. आता शाळा सुटल्यावर दुपारी तीन वाजता चार जणांना घेऊन निघालेला सतरा वर्षांचा पोरगा कायद्याने अगदी बरोबर आहे, हे कसं काय झालं, तर ते २००८ मध्ये झालं.

त्याआधीचं थोडक्यात. १९९४ पर्यंत इथे सोळावं लागलं की लेखी परीक्षा, मग ३६५ दिवसांचा शिकाऊ परवाना (लोक त्याला 'थ्री सिक्स्टी फाइव्ह'च म्हणायचे), एक रोड टेस्ट आणि काही आठवड्यांत पूर्ण लायसन हातात. टप्प्याटप्प्याने लायसन द्यायची पद्धत न्यूझीलंडने १९८७ मध्ये आणली होती. ओन्टारियोने ती १ एप्रिल १९९४ पासून घेतली, उत्तर अमेरिकेत सगळ्यात आधी. शून्य दारू, जी१ ला ४०० नंबरचे मोठे वेगवान हायवे आणि मध्यरात्र बंद, दोन टेस्ट, हे सगळं तेव्हाचंच. पण त्या मूळ आराखड्यात जी२ ला किती पोरं बसवायची यावर काहीच नव्हतं, सीटबेल्ट मोजायचे एवढंच. वर सांगितलेला रात्रीचा नियम सप्टेंबर २००५ मध्ये जोडला गेला.

मग २००८. त्या जुलैत ओन्टारियोच्या मस्कोका भागात एक गाडी नदीत जाऊन तीन तरुण गेले, आणि त्यातल्या एका मुलाच्या वडिलांनी कायदा कडक करा म्हणून मोहीमच उघडली, पेपरात पानभर जाहिरात दिली. नोव्हेंबरमध्ये सरकारने विधेयक मांडलं. त्यात बरंच काही होतं, पण पेटलं ते एकाच कलमावरून: किशोरवयीन जी२ वाल्याने पहिलं अख्खं वर्ष, दिवस असो की रात्र, १९ किंवा त्याच्या आतला एकच पॅसेंजर घ्यायचा, घरचे सोडून.

विरोध फेसबुकवर उभा राहिला. फेसबुक तेव्हा अजून मुख्यतः तरुणांचंच होतं, आणि बघता बघता विरोधाच्या ग्रुपमध्ये लाखाच्या वर लोक जमले. त्यांचे मुद्दे सरसकट उडवून लावण्यासारखे नव्हते. चार मित्र एका गाडीतून जाणार होते ते आता दोन गाड्यांतून जाणार, म्हणजे रस्त्यावर नवे ड्रायव्हर दुप्पट. पार्टीला एकाने न पिता सगळ्यांना घरी सोडायचं ही सवय मोडणार. आणि उत्तरेकडच्या गावांत, जिथे बसच नाही, तिथल्या पोरांनी हॉकीच्या प्रॅक्टिसला, कामाला जायचं कसं? सरकारने आधी ठासून समर्थन केलं आणि डिसेंबरमध्ये, म्हणजे महिन्याच्या आतच, ते कलम मागे घेतलं.

दुसरी बाजू त्या गदारोळात कमी ऐकली गेली असं मला वाटतं. किशोर ड्रायव्हरच्या गाडीत समवयस्क पोरं वाढतात तसा जीवघेण्या अपघाताचा धोका वाढत जातो, हे तेव्हाही अभ्यासांतून चांगलंच माहीत होतं, आणि तो धोका काही रात्रीपुरता नाही. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात तर गाडीवर 'एन' (नव्या ड्रायव्हरची पाटी) लावणाऱ्याला २००३ पासून घरचे सोडून एकच पॅसेंजर आहे, दिवसरात्र, कुठल्याही वयाच्या नव्या ड्रायव्हरला. तिथेही लांब लांबची गावं आहेत, तिथेही हॉकी आहे. सवलत द्यायची तर कामाला किंवा शाळेला जाणाऱ्यांपुरती देता आली असती, अख्खं कलम काढायची गरज नव्हती.

विधेयकातलं बाकीचं टिकलं. १ ऑगस्ट २०१० पासून २१ किंवा त्याच्या आतल्या कोणालाही शून्य दारू, मग फुल जी का असेना. नव्या ड्रायव्हरने अटी मोडल्या तर लायसन पहिल्यांदा ३० दिवस बंद, दुसऱ्यांदा ९० दिवस, तिसऱ्यांदा रद्द आणि परत जी१ पासून सुरुवात. २०१८ मध्ये गांजाही शून्यावर आला.

आपल्याकडून येणाऱ्यांना यातला बराच भाग लागत नाही, त्यांची अडचण अनुभव मोजण्याची. भारतासोबत लायसन बदलून द्यायचा करार नाही, त्यामुळे लेखी परीक्षा द्यावीच लागते, पण दोन वर्षांच्या वर अनुभव सिद्ध झाला तर थेट फुल जीची टेस्ट देता येते. त्यात नापास झालात तर आधी जी२ काढा. लर्निंग लायसनचा काळ यात धरत नाहीत. नुसतं कार्डही पुरत नाही, कारण रिन्यू केलेल्या कार्डावर अनेकदा नवीच तारीख असते, म्हणून पुण्या-ठाण्याच्या आरटीओतून एक्स्ट्रॅक्ट (लायसनच्या नोंदीचा उतारा) काढायचा आणि तो अधिकृत करून घ्यायचा. निघण्याआधी हे केलं नाही तर इथून करणं फार त्रासाचं होतं.

शेवटचा मोठा बदल कोविडनंतरचा. टेस्ट बंद राहिल्याने रांग इतकी साचली की जानेवारी २०२२ पासून फुल जीच्या टेस्टमधून पॅरलल पार्किंग, थ्री पॉइंट टर्न आणि रस्त्याच्या कडेला थांबणं काढून टाकलं, हे जी२ ला तपासलेलंच असतं या कारणावर. आधी तात्पुरतं म्हणाले आणि मग मुदत वाढत गेली. अल्बर्टा प्रांताने २०२३ मध्ये दुसरी टेस्टच बंद केली. ओन्टारियोने निदान हायवेवर मर्ज होणं, लेन बदलणं आणि बाहेर पडणं टेस्टमध्ये ठेवलं, आणि माझ्या मते वेळ वाचवायचाच होता तर काय कापायचं हे त्यांनी बरोबर निवडलं.