सुरांना आधी कळतं

समुद्रकिनारा माणसांनी फुललेला आहे. पोहणाऱ्यांच्या मधून शार्कचा काळा पर पाणी कापत येतो, एकच आरडाओरडा होतो, लोक एकमेकांना तुडवत किनाऱ्याकडे धावत सुटतात. एवढं होऊनही प्रेक्षक म्हणावा तितका घाबरत नाही. काहीतरी कमी आहे असं त्याला वाटत राहतं, पण काय ते सांगता येत नाही. मग उलगडा होतो, की पर पुठ्ठ्याचा होता आणि दोन पोरांनी खोडी काढली होती. स्टीव्हन स्पीलबर्गच्या १९७५ सालच्या ‘जॉज’मधला हा प्रसंग. त्यात कमी होते ते फक्त दोन स्वर.

संगीतकार जॉन विल्यम्स यांनी या चित्रपटातल्या शार्कला दोन स्वरांची ओळख दिली. आपल्या भाषेत सांगायचं तर सा आणि कोमल रे, इतकंच त्यांच्यातलं अंतर. खर्जात, चेलो आणि डबल बासवर ते वाजतात. आधी एक जोडी, मग बराच वेळ शांतता. पुन्हा एक जोडी. हळूहळू मधली शांतता आक्रसत जाते आणि शेवटी श्वास घ्यायलाही जागा उरत नाही. विल्यम्सनी ही धून पहिल्यांदा पियानोवर वाजवून दाखवली तेव्हा स्पीलबर्गला वाटलं, हा चेष्टा करतोय. पण चित्रीकरणासाठी बनवलेला यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडत होता. त्यामुळे चित्रपटाच्या बऱ्याच भागात शार्क दिसतच नाही. त्याच्या जागी हे दोन स्वर फिरतात.

स्वर वाजले म्हणजे शार्क आला, हा धडा प्रेक्षक नकळत गिरवतो. म्हणून पुठ्ठ्याचा पर आला तेव्हा त्याचं मन पुरतं फसलं नाही. धडा पक्का झाल्यावर मात्र दिग्दर्शक तो मोडतो. बोटीवरून माशांचं आमिष पाण्यात टाकत पोलीसप्रमुख कुरकुरत असतो, आणि सूर नाही, ताल नाही, काही नाही, अचानक तो प्रचंड जबडा पाण्यातून वर येतो. खुर्चीतली माणसं तिथे उडतात, कारण ज्या पहारेकऱ्यावर ती विसंबली होती त्याने या वेळी हाक दिलेली नसते.

माझ्या मते चित्रपटसंगीताची सगळी ताकद इथे आहे. ते पुढचं बोलतं. पडद्यावर अजून काही घडलेलं नसतं, पात्रांना काही ठाऊक नसतं, पण सुरांना कळलेलं असतं आणि सुरांकडून आपल्याला. ‘मनात पाल चुकचुकली’ असं आपण म्हणतो, तेही कानावरूनच आलं आहे; पाल दिसण्याआधी ऐकू येते.

कानाला हा मान मिळण्यामागे शरीररचनेची कारणं आहेत. डोळे समोरचं बघतात आणि मिटताही येतात. कान पाठीमागचं, अंधारातलं, भिंतीपलीकडचंही ऐकतात आणि झोपेतसुद्धा उघडे असतात. दिवा लागल्यावर बटण दाबायला माणसाला साधारण २०० मिलिसेकंद लागत असतील, तर आवाज ऐकून दाबायला १५० च्या आसपास पुरतात. आणि अचानक मोठा आवाज झाला की दचकण्याची क्रिया मेंदूच्या देठातूनच सुरू होते, विचार करणाऱ्या भागाची वाट न बघता.

हे शरीराच्या पातळीवर मोजलं गेलंय. १९८३ मध्ये ज्युलियन थेअर आणि रॉबर्ट लेव्हन्सन या मानसशास्त्रज्ञांनी कारखान्यातल्या अपघातांविषयीची एक फिल्म लोकांना दाखवली. काहींना ती संगीताविना दाखवली, काहींना माहितीपटाच्या शांत संगीतासह, तर काहींना भयपटाच्या संगीतासह. दृश्यं तीच होती. पण घामामुळे त्वचेची विद्युतवाहकता किती वाढते हे तपासल्यावर दिसलं, की भयसंगीताने शरीराचा ताण वाढवला होता आणि शांत संगीताने तो उतरवला होता. तळहाताला फुटणारा घाम पटकथेपेक्षा सुरांचं ऐकत होता.

पुढचं आधी कळण्यात भीती आहे तसा आनंदही आहे. संगीतातली भावना अपेक्षेतून जन्मते, ही मांडणी संगीताचे अभ्यासक लिओनर्ड मायर यांनी १९५६ मध्ये केली होती. सूर एका दिशेने निघाला की मन पुढचा सूर धरून बसतं; तो लांबला, चुकवला, उशिरा दिला की आत काहीतरी हलतं. समेची वाट बघणाऱ्या कोणालाही हे पटेल. मेंदूत नेमकं काय होतं ते दिसायला मात्र आणखी अर्धं शतक जावं लागलं.

माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या रॉबर्ट झाटोरे यांच्या गटाचं २०११ चं काम मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी लोकांना सांगितलं, की ज्याने हमखास अंगावर काटा येतो असं तुमचं आवडतं संगीत आणा. मग किरणोत्सर्गी खूण लावलेलं एक द्रव्य त्यांच्या शरीरात सोडलं. मेंदूतल्या ज्या जागांवर डोपामिन हे बक्षिसाच्या भावनेशी जोडलेलं रसायन चिकटतं त्याच जागांवर हे द्रव्यही चिकटतं. त्यामुळे डोपामिन वाढलं की त्याला जागा कमी पडते, आणि ती घट यंत्राला दिसते. जोडीला दुसऱ्या यंत्रावर क्षणाक्षणाची हालचालही टिपली. काटा येण्याच्या ऐन क्षणी न्यूक्लिअस अक्युम्बन्स हा मेंदूतला आनंदाशी निगडित भाग सक्रिय होत होता, हे अपेक्षितच होतं. पण त्याच्या काही सेकंद आधी, ती जागा नुसती जवळ येत असताना, कॉडेट हा दुसराच भाग जागा झालेला होता. म्हणजे आनंद मिळाल्यावर मेंदू जसा बक्षीस घेतो, तसं तो वाट बघण्याचंही बक्षीस घेतो, वेगळ्या खिडकीवर.

डोपामिन आणि आनंद नुसते बरोबरीने वाढतात असं नाही, डोपामिनमुळेच आनंद वाढतो, हे २०१९ च्या एका प्रयोगाने दाखवलं. २७ जणांना वेगवेगळ्या दिवशी डोपामिन वाढवणारं औषध, त्याला अडवणारं औषध आणि नुसती साखरेसारखी निष्क्रिय गोळी दिली. वाढवणाऱ्या औषधाने संगीतातला आनंद वाढला, अडवणाऱ्याने तो फिका पडला.

आता किंकाळीकडे वळू. अल्फ्रेड हिचकॉकच्या १९६० च्या ‘सायको’मधला न्हाणीघरातला खून आठवा. हिचकॉकला त्या प्रसंगात संगीत नको होतं. बर्नार्ड हरमन यांनी तरी ते लिहिलं, ऐकल्यावर हिचकॉकने मत बदललं, आणि आज तो प्रसंग आठवताना आधी व्हायोलिनच कानात किंचाळतात. हरमन यांनी या चित्रपटासाठी फक्त तंतुवाद्यं वापरली. ना ढोल, ना पितळी वाद्यं. मग त्या चिरक्या, वरच्या पट्टीत ओरबाडल्यासारख्या स्वरांत एवढं काय आहे?

उत्तराचा एक धागा मार्मोट या खारीच्या कुळातल्या प्राण्याने पुरवला. डॅनिएल ब्लमस्टीन हे जीवशास्त्रज्ञ मार्मोटांचा अभ्यास करतात. पकडलेलं पिल्लू ज्या आवाजात ओरडतं त्याने त्यांच्यासारख्या सरावलेल्या माणसाचंही काळीज हले. कारण ध्वनिशास्त्रीय होतं. नेहमीच्या आवाजात स्वरतंतू नियमित कंप पावतात. जीव तोडून ओरडताना हवेचा जोर त्यांना झेपत नाही, कंपनं विस्कटतात, आवाजात खरखर येते, स्वर एकदम वर-खाली उडी मारतो. मराठीत याला नेमका शब्द आहे: आवाज फाटतो. फाटलेला आवाज म्हणजे कोणीतरी खरोखर संकटात आहे. सस्तन प्राण्यांच्या कानाला ही खूण दुर्लक्षिता येत नाही, म्हणून रडणाऱ्या तान्ह्याकडेही पाठ फिरवता येत नाही. ब्लमस्टीन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १०२ चित्रपटांमधल्या गाजलेल्या प्रसंगांचे ध्वनी तपासले. भयपटांत खरखरीत किंकाळ्या अधिक होत्या. करुण प्रसंगांत खरखर कमी, पण स्वरांच्या अचानक उड्या जास्त होत्या. चित्रपट करणाऱ्यांनी हे कुठल्या शोधनिबंधात वाचलं नव्हतं, त्यांच्या कानांनी ते शोधलं होतं.

आणि इथे मला नेहमी ‘पथेर पांचाली’ आठवतो. १९५५ चा सत्यजित राय यांचा चित्रपट, संगीत रविशंकर यांचं, बरंचसं एका रात्रीच्या बैठकीत ध्वनिमुद्रित केलेलं. हरिहर खूप दिवसांनी घरी परततो. दरम्यान मुलगी दुर्गा गेली आहे, हे त्याला ठाऊक नाही. तो उत्साहाने एकेक आणलेली वस्तू बायकोला दाखवतो. सर्बजया गप्प. मग तो दुर्गेसाठी आणलेली साडी तिच्या हातात देतो. ती साडी तोंडाशी धरते आणि कोसळते. तिचं तोंड उघडलेलं दिसतं, खांदे गदगदताना दिसतात, पण रडणं ऐकू येत नाही. त्याच्या जागी तारशहनाईचे तार सप्तकातले सूर येतात, पटदीप रागातले. तारशहनाई म्हणजे गजाने वाजवायचा इसराज, त्याला ग्रामोफोनसारखा कर्णा जोडलेला. म्हणूनच त्याच्या आवाजात तंतुवाद्याचा ओलावाही असतो आणि घशातून फाटून आल्यासारखी धारही. खरं रडणं ऐकवलं असतं तर आपण शेजारच्या घरातल्या दुःखाकडे बघावं तसं बघितलं असतं. वाद्याने किंकाळीची फक्त धार ठेवली. बाई, तिचं नाव, तिचं घर, सगळं वगळलं. ती रिकामी जागा मग ऐकणाऱ्याने स्वतःच्या दुःखाने भरली. चित्रपटसंगीतात याहून मोठं काही मी ऐकलेलं नाही.

सूर भावना देतात तसा अर्थही देतात. फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल यांनी १९४४ मध्ये एक साधी चित्रफीत केली होती: एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक वर्तुळ, इकडून तिकडे सरकणारे. बघणाऱ्यांनी त्यात गुंड, पीडित, प्रेमी असं सगळं पाहिलं. १९८८ मध्ये सँड्रा मार्शल आणि अ‍ॅनाबेल कोहेन यांनी तीच फीत वेगवेगळ्या संगीतासह दाखवली, आणि संगीतासरशी त्या आकारांबद्दलचा लोकांचा निवाडा बदलला. त्रिकोणाचा स्वभाव जर चालीवर ठरत असेल, तर निर्विकार चेहऱ्याने खिडकीबाहेर बघणाऱ्या नायिकेच्या मनात काय चाललंय हे कोण ठरवतं, ते वेगळं सांगायला नको.

यातलं किती जन्मजात आणि किती शिकलेलं, यावर बराच वाद झाला आहे. २००९ मध्ये थॉमस फ्रिट्झ यांनी कॅमेरूनमधल्या माफा लोकांना पाश्चात्त्य संगीताचे तुकडे ऐकवले. असं संगीत त्यांच्या कानावर कधी पडलेलं नव्हतं. तरीही कोणता तुकडा आनंदी, कोणता दुःखी, कोणता भीतिदायक, हे त्यांनी निव्वळ अंदाजापेक्षा बरंच बरोबर ओळखलं. पाश्चात्त्य श्रोत्यांइतकं अचूक मात्र नाही. लय आणि आवाजाची धार सगळ्यांच्या मालकीची, बारकावे ज्याच्या त्याच्या घरचे, असं मला यातून दिसतं.

शिकलेल्या भागाचा सर्वांत सुंदर नमुना म्हणून मी ‘शोले’तला माउथ ऑर्गन सांगेन. तोही १९७५ चाच, संगीत राहुल देव बर्मन यांचं. रात्री जय पायरीवर बसून वाजवतो, समोरच्या हवेलीत राधा एकेक दिवा मालवत जाते. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. धून पुन्हा आली की दिवे डोळ्यांपुढे येतात, दिवे दिसले की धून. एका सुरावटीला एक माणूस बांधून टाकण्याची ही पद्धत ऑपेरातून चित्रपटात आली, आणि पडदा विझल्यावरही गाठ सुटत नाही. वर्षांनी कुठेतरी ती धून कानावर पडते तेव्हा नुसता प्रसंग परतत नाही; तो चित्रपट आपण कोणासोबत पाहिला, तेव्हा आपण कोण होतो, तेही परत येतं. पीटर जनाता यांनी २००९ मध्ये दाखवलं, की कपाळामागे, मेंदूच्या मधोमध असलेल्या एका भागात ओळखीची चाल आणि स्वतःच्या आयुष्यातली आठवण एकत्र येतात. अल्झायमरमध्ये हा भाग तुलनेने उशिरा ढासळतो. नावं विसरलेला माणूस जुन्या गाण्यावर ओठ हलवतो, यामागे हे कारण असावं असं त्यांनी सुचवलं. अशा आठवणींचा मोठा साठा किशोरवयात आणि तरुणपणाच्या सुरुवातीला जमतो. म्हणून आवडतं चित्रपटसंगीत कोणतं, असं विचारल्यावर माणूस बहुतेक वेळा स्वतःच्या त्या वर्षांकडे बोट दाखवतो, आणि त्याचा आग्रह खरा असतो.

एक प्रश्न उरतो. पुढचं कळण्यात जर सगळी गंमत आहे, तर पन्नासदा ऐकलेल्या संगीतात ती का टिकते? मानसशास्त्रज्ञ जमशेद भरूचा यांनी अपेक्षांचे दोन प्रकार मानले. एक या विशिष्ट रचनेच्या स्मरणातून येते, ‘आता हा सूर येणार’ हे पक्कं ठाऊक असणारी. दुसरी आयुष्यभर ऐकलेल्या सगळ्या संगीतातून आपोआप तयार होते, आणि तिला पहिलीचं काही कळत नाही. ती दर वेळी नव्याने फसते, नव्याने थक्क होते. आणि पहिलीच्या वाट्याला वाट बघण्याचं ते वेगळं बक्षीस येतं.

‘पथेर पांचाली’ मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. हल्ली हरिहर सामान उलगडायला बसतो, तेव्हाच माझ्या अंगावर काटा येतो. साडी अजून निघालेली नसते, तारशहनाई अजून वाजायची असते.