रायझन ५६०० की ५६००जी? बजेट गेमिंग पीसी घेताना एका अक्षराने काय होतं

असेंबल पीसीचं कोटेशन मागवलं की बजेटवाल्या बऱ्याच कागदांवर प्रोसेसरच्या (पीसीचा मेंदू, इथे एएमडी कंपनीचा) रकान्यात एकतर "रायझन ५ ५६००" असतं नाहीतर "रायझन ५ ५६००जी", आणि कधीकधी तर "५६०० सिरीज" एवढंच लिहून मोकळे होतात. घरच्यांना वाटतं एकच वस्तू आहे. मुलाला वाटतं जी म्हणजे वरचं मॉडेल, एक अक्षर जास्त आहे म्हणजे काहीतरी जास्त मिळणारच. जास्तीचं मिळतं हे खरंय, पण त्यासाठी आतून काय काढून घेतलंय ते दुकानात कोणी सांगत बसत नाही, आणि ओळखीतली पोरं असली कोटेशन पाठवून "दादा, ह्यातलं कुठलं" विचारतात तेव्हा दरवेळी हेच सगळं परत सांगावं लागतं, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय.

जे सारखं आहे ते आधी उरकून टाकू. दोन्हीत ६ कोअर (काम करणारे भाग), १२ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), दोन्ही झेन ३ म्हणजे एकाच पिढीचे, दोन्ही मदरबोर्डवरच्या एएम४ सॉकेटवर बसतात, दोन्ही ६५ वॅटचे, बूस्ट (जोर लागला की वाढणारा वेग) दोघांचाही ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत. बेस क्लॉक, म्हणजे मूळचा वेग, तर ५६००जीचाच जास्त आहे, ३.९, आणि साध्या ५६००चा ३.५. ५६००जी ऑगस्ट २०२१ मध्ये सुट्टा विकायला आला तो २५९ डॉलरला, साधा ५६०० एप्रिल २०२२ मध्ये आला १९९ डॉलरला. म्हणजे सुरुवातीला जी महागच होता, त्यामुळे तो भारी असणार हा समज काही उगाच झालेला नाही. आता दोघांच्या भावात फार अंतर राहिलेलं नाही आणि त्यामुळेच निवडताना घोळ होतो.

आता आतली गोष्ट. साध्या ५६००मध्ये झाकणाखाली दोन वेगळे तुकडे असतात, एक कोअरचा आणि एक बाकीच्या जोडण्यांचा, आणि कोअरच्या तुकड्यावर ३२ एमबी एल३ कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, आहे. ५६००जी मात्र सगळा एकाच तुकड्यात बसवलेला आहे, कारण मुळात ते लॅपटॉपसाठी केलेलं डिझाइन, आणि त्याच तुकड्यात ग्राफिक्सचा भागही घालायचा होता. जागा तेवढीच, मग कॅशे अर्धा केला, १६ एमबी. शिवाय ग्राफिक्स कार्डाशी बोलायची लाइन पीसीआयई ४.० ऐवजी ३.० ठेवली, म्हणजे प्रत्येक लेनचा (त्या लाइनमधल्या एकेका वाटेचा) वेग निम्मा. तर ५६००जी म्हणजे "५६०० अधिक ग्राफिक्स" नाही, ती वेगळीच चिप आहे, नाव तेवढं जवळचं.

हा गैरसमज व्हायला इंटेलचाही हात आहे असं मला वाटतं. तिकडे आय५ १२४०० आणि १२४००एफ घेतले तर खरोखर चिप एकच असते, एफवाल्यात ग्राफिक्स बंद करून विकतात, बाकी कॅशे वगैरे सगळं जसंच्या तसं. तिथे अक्षर बघून "ग्राफिक्स आहे की नाही" एवढंच ठरवायचं असतं. तोच हिशोब लोक एएमडीला लावतात आणि इथे तो लागत नाही.

मग कोणी काय घ्यायचं? माझ्या मते सगळं एका प्रश्नावर आहे: ग्राफिक्स कार्ड कधी घेणार?

कार्ड घ्यायचंच नाहीये, किंवा निदान वर्षभर तरी शक्य नाहीये, तर ५६००जी घ्या, दुसरा विचार करू नका. साध्या ५६००मध्ये ग्राफिक्सच नाही, त्यामुळे कार्डाशिवाय तो पीसी चालू होईल, पंखे फिरतील, लाइट लागतील, पण मॉनिटरवर काहीच येणार नाही. बोर्डाला मागे एचडीएमआय पोर्ट दिसतो म्हणून लोक फसतात, तो पोर्ट प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तरच चालतो.

५६००जीमध्ये वेगा ७ ग्राफिक्स आहे, आणि फुकटात मिळतं म्हणून त्याला हलकं समजू नका. व्हॅलोरंट १०८०पी ला लो सेटिंगवर सेकंदाला शंभरच्या वर फ्रेम्स (चित्रं) देतं, जीटीए ५ नॉर्मल सेटिंगला ६० च्या आसपास खेळता येतं, सीएस २, डोटा २, माइनक्राफ्ट, जुने फिफा, सगळं होतं. सायबरपंकसारखं जड काही असेल तर ७२०पी ला उतरावं लागतं आणि तरी ३० च्या आसपासच राहतं. आणि काही नवे गेम तर चालणारच नाहीत, इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल किंवा डूम द डार्क एजेस ह्यांना हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या चिपवरच मोजायची सोय) लागतंच आणि वेगा ७ मध्ये ते नाही, तिथे सेटिंग कितीही खाली आणा उपयोग नाही.

पण हे जे आकडे सांगितले ते रॅम बरोबर लावली असेल तरचे, आणि इथेच दुकानात सगळ्यात जास्त माती होते. वेगा ७ ला स्वतःची मेमरी नाही, ते तुमच्या रॅममधूनच काम चालवतं. डीडीआर४ ३२०० ची एकच स्टिक लावली तर सेकंदाला २५.६ जीबी एवढाच डेटा ये-जा करू शकतो, दोन स्टिक लावल्या की ५१.२. आणि आरएक्स ६६०० सारख्या साध्या कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला २२४ जीबी वेगाची आहे, म्हणजे मुळातच हे ग्राफिक्स उपाशी असतं, त्यात एक स्टिक लावून अर्धं तोंड बंद करायचं म्हटल्यावर काय राहिलं? एका स्टिकवर तिसरा हिस्सा फ्रेम्स सहज जातात. तरी कोटेशनवर "१६ जीबी x १" लिहिलेलं असतं आणि वर समजावतात की पुढे अजून एक टाकता येईल साहेब. जी घेताय तर ८-८ च्या दोन स्टिकच मागा. शिवाय त्या १६ मधली काही मेमरी ग्राफिक्सकडे जाते, बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) २ जीबी दिली तर विंडोजला १४ च उरते, म्हणून एकूण ८ जीबीवर जी चालवायचा विचार करूच नका. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत हे मान्य, पण इथे वाचवलेला पैसा थेट गेममधून वजा होतो.

आता दुसरी बाजू. कार्ड आत्ताच घेताय, किंवा दोन-तीन महिन्यांत नक्की येणार आहे, तर साधा ५६०० घ्या. कार्ड लागलं की जीमधलं वेगा ७ रिकामं बसून राहतं आणि अर्ध्या कॅशेचा तोटा मात्र रोज भरत राहता. गेमला हा कॅशे का लागतो तर गेममध्ये प्रोसेसर सतत छोट्या छोट्या गोष्टी विचारत असतो, कोण कुठे उभं आहे, गोळी कुठे लागली, आणि तो डेटा कॅशेमध्ये सापडला नाही की रॅमपर्यंत जाऊन यावं लागतं, त्याला कित्येक पट वेळ लागतो. चांगलं कार्ड असेल आणि १०८०पी वर खेळत असाल तर ५६०० जिथे १०० फ्रेम्स देईल तिथे ५६००जी ८५-९० देईल असा साधारण अंदाज धरा. व्हॅलोरंट, सीएससारख्या प्रोसेसरवर चालणाऱ्या गेममध्ये हे जास्त जाणवतं.

पीसीआयईचं मात्र थोडं गुंतागुंतीचं आहे. आरएक्स ६६०० ला ८ लेन आहेत, त्याला ३.० वर टाकलं तरी फार फरक पडत नाही, थोडंफार इकडेतिकडे. पण त्याच घरातलं आरएक्स ६५०० एक्सटी घ्या, २०२२ मध्ये आलेलं, ४ जीबी मेमरी आणि लेन फक्त ४. मेमरी कमी म्हणजे डेटा सारखा रॅममधून ओढावा लागणार, आणि ओढायची वाट ४ लेनची, ती पण ५६००जीबरोबर ३.० च्या वेगाने. काही गेममध्ये पाव भागापेक्षा जास्त परफॉर्मन्स जातो. म्हणजे बजेट कमी म्हणून ५६००जी घेतला आणि बजेट कमी म्हणूनच पुढे ६५०० एक्सटी टाकलं तर दोन्ही बचती एकमेकींच्या मुळावर येतात. आणि हो, नुसता साधा ५६०० घेऊनही ४.० मिळेलच असं नाही, बोर्ड बी५५० किंवा एक्स५७० असावा लागतो. ए५२० आणि बी४५० दोन्ही ३.० वरच आहेत, आणि बजेट कोटेशनमध्ये बहुतेक वेळा ए५२० च असतो. ६६०० टाकणार असाल तर ए५२० ने काही बिघडत नाही, ६५०० एक्सटी किंवा तसंच ४ लेनचं ६४०० असेल तर बिघडतं.

"आत्ता जी घेतो, पुढे कार्ड टाकतो" हा प्लॅन सगळ्यात जास्त ऐकायला मिळतो आणि तो वाईट नाहीये, फक्त त्या "पुढे" ला तारीख असावी. दिवाळीत बाबा पैसे देणारेत आणि आत्ता गणपती चाललेत, तर थांबा किंवा कोणाकडून तरी जुनं कार्ड तेवढ्यापुरतं मागून आणा, आणि ५६०० च घ्या. पहिल्या पगाराची वाट बघायची असेल आणि अजून डिग्रीची दोन वर्षं बाकी असतील तर जी घ्या आणि निवांत खेळा, ती दोन वर्षं वाया नाही घालवायची. नंतर ६६०० टाकलं तरी १०-१५ टक्क्यांनी कोणाचं काही अडत नाही. जीचा अजून एक फायदा असा की कार्ड बिघडून वॉरंटीला गेलं तर पीसी बंद पडत नाही, कॉलेजचं प्रोजेक्ट सबमिट करायचंय आणि कार्ड महिनाभर सर्व्हिस सेंटरला पडलंय अशा वेळी ह्याची किंमत कळते.

एका गोष्टीचा मला खरंच राग येतो. "गेमिंग पीसी, २ जीबी ग्राफिक्स कार्डसह" म्हणून जीटी ७१० लावून देतात. हे केपलर नावाच्या जुन्या पिढीचं कार्ड आहे, एनव्हिडियाने त्या पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं २०२१ मध्येच बंद केलं, आणि ५६००जीमधलं वेगा ७ त्याच्यापेक्षा कितीतरी फास्ट आहे. म्हणजे जीबरोबर ७१० लावलं आणि मॉनिटरची केबल त्या कार्डात घातली तर पैसे देऊन पीसी स्लो करून घेतला. ज्या आईबापांना ह्यातलं काही कळत नाही, मुलासाठी पोटाला चिमटा काढून पैसे दिलेत, त्यांना "कार्ड आहे की साहेब" म्हणून हे गळ्यात मारणं मला बरोबर वाटत नाही. खरं कार्ड असेल तेव्हा उलटी काळजी घ्यायची, जीचा पीसी असताना नवीन ६६०० टाकलं आणि केबल जुन्या सवयीने बोर्डाच्या पोर्टातच राहिली तर कार्ड असूनही गेम वेगा ७ वरच चालू शकतो. केबल कार्डात.

ह्याच खानदानात अजून नावं आहेत, पटकन सांगतो. ५५०० म्हणजे जीच्याच जातीची चिप पण ग्राफिक्स बंद केलेली, १६ एमबी कॅशे, पीसीआयई ३.०, म्हणजे दोन्हीकडचा तोटा, खूपच स्वस्त मिळाला तरच. ५६००जीटी २०२४ च्या जानेवारीत आला, तो ५६००जीच आहे, बूस्ट थोडा जास्त, ४.६. ५६००एक्स म्हणजे ५६००ची थोडी जास्त क्लॉकवाली आवृत्ती, जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. एएम५ वरचा ८६००जी ग्राफिक्सला बराच पुढे आहे, पण बोर्ड आणि डीडीआर५ रॅम धरून खर्च दुसऱ्याच पट्टीत जातो.

एसएमपीएसबद्दल, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याबद्दल, एकच सांगायचंय. जीचा पीसी कमी वीज खातो म्हणून कॅबिनेटबरोबर आलेला लोकल एसएमपीएस तसाच ठेवतात, आणि मग पुढे कार्ड घ्यायच्या दिवशी कळतं की त्याला ८ पिनचा कनेक्टरच नाही. आरएक्स ६६०० एकटं १३२ वॅट घेतं. पुढे कार्ड टाकायचं मनात असेल तर पहिल्याच दिवशी चांगल्या कंपनीचा ४५० किंवा ५५० वॅटचा ८० प्लस ब्रॉन्झ प्रमाणपत्रवाला घ्या.

आणि पीसी ताब्यात घेताना, मग लॅमिंग्टन रोडवरून घ्या नाहीतर गावातल्या दुकानातून, पैसे देण्याआधी तिथेच चालू करून घ्या आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक केलं की वर प्रोसेसरचं पूर्ण नाव येतं, जी असेल तर नावातच "विथ रेडिऑन ग्राफिक्स" लिहिलेलं असतं, आणि खाली एल३ कॅशे दिसतो. ५६०० चे पैसे घेतले असतील तर तिथे ३२ एमबी पाहिजे, १६ दिसलं तर बिलावर काहीही लिहिलेलं असो, जी किंवा ५५०० बसवलाय. मग मेमरीवर क्लिक करा, "स्लॉट्स यूज्ड" समोर २ असायला हवं, आणि स्पीड ३२०० दिसायला हवा. २४०० किंवा २६६६ दिसला तर बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) चालू करायचं राहिलंय, ते त्यालाच तिथे बसून करून द्यायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. बॉक्सवाला प्रोसेसर असेल तर एएमडीची ३ वर्षांची वॉरंटी आणि सोबत कूलर मिळतो, ट्रेवाला, म्हणजे बॉक्सशिवाय, दिला असेल तर वॉरंटी दुकानदाराची, ती किती वर्षांची ते बिलावर लिहून घ्या, आणि कूलर कुठला लावलाय तेही.